दुसरी पसंती

विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघातून उभ्या असलेल्या डहाके सरांना मतदानादिवशी चहा देताना बायकोनं सांगून टाकलं, "पहिली पसंती ज्योत्स्ना मॅडमना. तुम्हाला दुसरी."

"अगं, मी नवरा आहे तुझा!"

"म्हणून तर दुसरी. त्या विनाअनुदानित शाळेत अठरा वर्षं बिनपगारी शिकवतायत. तुम्ही प्रचारात एकदा तरी तो विषय काढलात?"

ती स्वतः शिक्षिका होती. सर पुढचे तीन दिवस तिच्याशी फक्त जेवणापुरतं बोलले.

मतमोजणीत पहिल्या पसंतीवर कुणालाच विजयासाठी लागणारा मतांचा कोटा गाठता आला नाही. संस्थाचालकांचा उमेदवार सरांच्या दोनशे मतं पुढे होता. तिसऱ्या क्रमांकावरच्या ज्योत्स्ना मॅडम बाद झाल्या आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजायला घेतली. जवळजवळ प्रत्येकीवर सरांचंच नाव होतं. सर आमदार झाले.

गळ्यात हार घेऊनच ते घरी आले. "तुझी दुसरी पसंती कामाला आली," ते ओशाळून म्हणाले.

"माझी एकटीची नाही. चपला काढू नका, आधी ज्योत्स्ना मॅडमकडे जाऊन या."

सरांनी हार तेवढा काढला आणि ते आल्या पावली निघाले.