कानातलं नाव

लेक दुपारी झोपली की मी घरचा सर्व्हर बघत बसते. म्हणजे माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर. घरचे सगळे व्हिडिओ त्यात असतात आणि कोण काय बघतंय, ते मला मोबाईलवर दिसतं.

आज लेकीच्या बारशाचा व्हिडिओ चालू होता. बघणाऱ्याच्या नावाची जागा कोरी.

मी नवऱ्याला कामावर फोन लावला. "बारसं बघताय का?"

"हितं जेवायला सवड न्हाय, बारसं कुठलं बघतोय? वर्षाताई असंल."

वर्षाताई माझी नणंद. तिनंच आत्या म्हणून लेकीच्या कानात नाव सांगितलं होतं. आमच्यात ते नाव परक्याच्या कानी पडू देत नाहीत. हाकेला दुसरं असतं.

ताई फोनवर हसली. "अगं संयोगिता, मला टीव्ही तरी लावता येतो व्हय?"

व्हिडिओ पुढं सरकतच नव्हता. ताई पाळण्यात वाकायची, ओठ कानाशी न्यायची, आणि तिथूनच कुणीतरी तो मागं घ्यायचं. दर खेपेला आवाज वाढवून. चित्रणासाठी मोबाईल पाळण्याच्या दोरीलाच बांधला होता आम्ही. त्यात कुजबुजही येईल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी बंद केला. तो परत सुरू झाला. तीच जागा, आवाज पूर्ण.

मग आपोआप थांबला. हवं ते मिळाल्यासारखा.

मी खोलीत धावले. माझं सोनुलं जागं होतं. मी हाक मारली, तरी माझ्याकडं बघेना. रिकाम्या कोपऱ्याकडं मान वळवून ती, आयुष्यात पहिल्यांदाच, कुणाला तरी ओ देत होती.