जायफळ

केशर म्हणजे फुलाचा नेमका कोणता भाग, असं बायकोने विचारलं आणि त्याने पेल्यावर चमचा वाजवला.

"कुक्षी," तो म्हणाला.

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या जावयाच्या तोंडी कुक्षी! सासऱ्यांनी चष्मा पुसून त्याच्याकडे नीट पाहिलं. इतकं नीट त्यांनी त्याला पसंत करतानाही पाहिलं नसेल. त्याआधी गावच्या नदीच्या उगमाचं उत्तर त्यानेच दिलं होतं, टीव्हीवरच्या एका बंद पडलेल्या जुन्या मालिकेचंही त्यानेच. मेहुण्याचा चमचा हातातल्या हातातच राहत होता.

सासऱ्यांच्या वाढदिवसाला या घरात प्रश्नमंजूषा व्हायचीच. नद्या-डोंगर, खाणंपिणं, टीव्ही, पुस्तकं, काय वाट्टेल ते. उत्तर येईल त्याने आधी पेल्यावर चमचा वाजवायचा. जिंकणाऱ्याने जेवताना सासऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसायचं. मग म्हातारा जेवण होईपर्यंत फक्त त्याच्याशीच बोलणार, आणि बोलणार तेही असं की ऐकणाऱ्याचा घास हातात राहावा. जावयाची जागा ठरलेली, टेबलाच्या पार टोकाला, पाण्याच्या तांब्यापाशी. तिथून तो मान लांब करून ऐकायचा आणि अगदी मनापासून म्हणायचा, "हो का?" त्यावरून मेहुण्याने त्याचं नावच पाडलं होतं, 'होका'. भाचरंसुद्धा त्याला होका काका म्हणायची. तो हसण्यावारी न्यायचा. बायको मात्र अशा वेळी उगाचच उठून वाट्या मोजायला जायची, आणि ते त्याला जास्त लागायचं.

यंदा प्रश्न काढायची पाळी बायकोची होती. रोज भाजी चिरता चिरता ती प्रश्न आणि उत्तरं मोठ्याने म्हणून बघायची. हा बाहेर कॉटवर, कानात इअरफोन. सुरुवातीला गाणी खरंच चालू होती, खोटं कशाला बोला! मग एका संध्याकाळी त्याने गाणी बंद केली आणि इअरफोन तसेच राहू दिले. कुकरच्या शिट्ट्यांत प्रश्न अर्धेमुर्धेच कळत. उत्तरं मात्र ओळीने पाठ झाली, लहानपणी पाढे व्हायचे तशी. मध्येच ती दारात येऊन हातानेच चहा हवा का विचारायची. ऐकू येत नाही म्हणून बिचारी खुणा करायची. आणि हा मान हलवायचा.

"अहो, हे तुम्हाला कधीपासून यायला लागलं?" कुक्षीवर तिने सगळ्यांसमोर विचारलं. तोंडभर हसत होती. माहेरच्या माणसांत ती असं हसलेली त्याला आठवतच नव्हती. त्याला एकदम गरम व्हायला लागलं. आता पुरे, असं मनात आलंही. पण सासरे अजून त्याच्याचकडे बघत होते.

तेवढ्यात मेहुणा कुरकुरला, की ताई, आता परत खाण्यावरचं नको, पुस्तकांचं काहीतरी विचार. बरं म्हणून तिने एक प्रश्न मागे ठेवला. हा आपल्याच तंद्रीत. त्यातलं अक्षरही त्याच्या कानात शिरलं नाही.

"अशी कोणती कादंबरी," तिने सुरू केलं, "जिच्यात नायकाचं नाव..."

टण्! चमचा वाजला.

"जायफळ," तो म्हणाला.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मेहुण्याने मांडीवर थाप मारली. "भाऊजींना झोप आली बहुतेक!" सगळं घर हसलं, पोटं धरधरून हसलं. होका तो होकाच, असंही कुणीतरी म्हणालं. त्याला हायसं वाटलं. म्हटलं, सुटलो.

मग त्याने बायकोकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिची नजर हातातल्या कागदावर होती, मागे ठेवलेल्या प्रश्नावर. एकाच फळातून दोन मसाले मिळतात, ते फळ कोणतं? तिने मान वर केली. आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग त्याच्या कानांकडे.

कादंबरी मेहुण्याने सांगितली. आता पुढचा विचार, असं सगळे म्हणाले. तिने कागदाची घडी घातली.

"संपले प्रश्न," ती म्हणाली.

तरीही जिंकला हाच. एका उत्तराने का होईना, पण जिंकला. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने शेजारची खुर्ची मागे ओढली, या जावईबापू म्हणाले. त्याला वाटलं, फ्रिजच्या मागे शिरावं आणि तिथेच राहावं. पण सगळे टाळ्या वाजवत होते. जाऊन बसावंच लागलं.

बायको वाढायला आली. भाताची मूद ताटात ठेवता ठेवता ती वाकली आणि त्यालाच ऐकू जाईल असं बोलली.

"जायफळ मी विचारलंच नव्हतं."

त्याने मान खाली घातली. कान तापले होते. ती पुढच्या ताटाकडे गेली.

"जावईबापू," सासऱ्यांनी घास कालवत सुरुवात केली, "नदीचं तुम्ही अचूक सांगितलंत. ती टेकडीपाशी एकाएकी उलटी वळते. का वळते, ते या घरात माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊकच असणार."

त्याला ठाऊक नव्हतं. दरवर्षी इकडे येताना तो वळणावर गाडी हळू करायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, ही अशी का बरं वळली असेल? सांगणारा माणूस आता हातभर अंतरावर बसला होता. नेहमीचे ते दोन शब्द त्याच्या ओठांवर आलेसुद्धा. समोर बायको वाढायची थांबली होती आणि त्याच्याकडे बघत होती. सगळं टेबल बघत होतं.

"हो," तो म्हणाला.

"मग मी सांगायचा प्रश्नच मिटला," सासरे खूश होऊन म्हणाले आणि जेवायला लागले.