चौथा कर्सर

पाप तुमचं आहे, सर. ज्याला कॉलेजात कोणी पाहिलंच नाही, त्या श्रावणचं नाव भावनाच्या गटात तुम्हीच घुसडलं.

तिघांना एकाच फाईलीत कोड लिहिता यावा म्हणून भावनानं लॅबमध्ये सगळी मांडामांड केली. लिंक फक्त पियुष आणि भारतीला दिली. तरी पडद्यावर कर्सर चार. चौथ्यावर नाव श्रावणचं.

"कोण चाळे करून राहिलं बे?" पियुष खेकसला.

भावना जी ओळ लिहायला जाई, ती चौथा आधीच लिहून मोकळा होई. शेवटचा कंस विसरायची तिची खोडसुद्धा त्यानं उचलली होती.

ती तणतणत तुमच्याकडे आली. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "गट चौघांचाच लागतो."

"मग शोधा तुम्हीच त्याले!" ती परतली आणि रागारागानं तिनं श्रावणला यादीतून उडवलं.

कर्सर तीन उरले. पियुष, भारती, श्रावण.

तिनं कीबोर्ड बडवला. एक अक्षर उमटेना. शेजारच्या भारतीनं भावनाच्या मांडीवरच बॅग ठेवली. "हे खुर्ची रिकामी काहून ठेवली गा, पियुष?"

तेवढ्यात तुम्ही हजेरी घ्यायला आलात. तीन नावं वाचलीत, वही मिटलीत.

भावना तुमच्या तोंडासमोर उभी राहून ओरडली, "सर, माझं नाव घ्या! काहून घेऊन नाही राहिले? बोला!"