पायरीवरचं वाद्यपूजन

गुलामगिरी संपल्याच्या स्मरणार्थ बर्मिंगहॅममधल्या जमैकन चर्चपासून मोर्चा निघत होता, वर्णद्वेषाविरुद्ध कोर्टात लढणाऱ्या कुटुंबांच्या पाठिंब्यासाठी. आमचं ढोलपथक तयार होतं, पण मंडळाचे अध्यक्ष जयंतकाका चर्चच्या पायरीशी वाट अडवून उभे. “सुनेत्रा, वाद्यपूजन पुढच्या रविवारी आहे. त्याआधी ढोलाला टिपरू लावायचं नाही. आणि हे त्यांचं भांडण, आपण कशाला मध्ये पडायचं?” मी कमरेचा ढोल सोडून पायरीवर ठेवला. “मग पूजा आत्ता इथेच करू.” “चर्चच्या पायरीवर?” “काका, आपल्याला कुणी हॉल देत नव्हतं, तेव्हा पहिला गणपती याच चर्चमध्ये बसला, हे दर वर्षी आरतीनंतर माईकवर तुम्हीच सांगता ना?” मी पिशवीतून हळदकुंकू आणि नारळ काढला. काका उघड्या दारातून आतल्या बाकांकडे बघत राहिले. मग त्यांनी बूट काढले आणि नारळासाठी हात पुढे केला.