भोकं पाडलेलं पिंप

टोमॅटो ठकीच्या ओठांना टेकलाच होता. गोदामवालीने तो वरच्या वर हिसकावला आणि कुठे टाकावा ते न सुचून मुठीतच धरून ठेवला. पोरीने भोकाड पसरलं.

“अगं, लेकराच्या तोंडचं काय काढून घेतेस?” वन्सं म्हणाल्या.

ठकी त्यांची नात. नव्या घराची गच्ची बघायला ये, असा वन्संनी धाकट्या भावजयीमागे किती दिवस धोशा लावला होता. भावजय रंगाच्या कारखान्यात गोदाम सांभाळायची, म्हणून सगळ्या नात्यागोत्यात ती गोदामवालीच. आज कारखान्याला सुट्टी, म्हणून आली, आणि बघते तर कोपऱ्यात निळं पिंप. पिंपातून टोमॅटो ओसंडलेले, लालबुंद, हसऱ्या पोरींच्या घोळक्यासारखे. आणि पिंपाच्या पोटावर तिच्याच गोदामातलं कवटीचं चित्र.

ते कवटीचं तोंड मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवलंय, वन्संनी सांगितलं. पाखरं फिरकत नाहीत.

गोदामवालीने कपाळाला हात लावला. मग एक दीर्घ श्वास घेऊन, कारखान्यात नव्या माणसाला सांगते तसं पहिल्यापासून सांगायला बसली. ह्या पिंपात नारिंगी पूड येते. तिला स्वतंत्र खोली लागते. तेल, कागद, लाकूड, काही म्हणता काही शेजारी खपत नाही, लगेच आगीला निमित्त. तिच्यापुढे जायचं तर नाक-तोंड बांधून, हातमोजे घालून. नाकात गेली तर आतून जखमा करते, पोटात गेली तर त्याहून वाईट. त्या पुडीला कारखान्यात सगळे ‘वन्सं’ म्हणतात, एवढं मात्र तिने गाळलं.

रिकामं पिंपसुद्धा मोकळं सोडत नाहीत, ती म्हणाली. धुतात, धुतलेलं पाणी गटारात न सोडता वेगळ्या टाकीत घेतात, आणि बुडाला भोकं पाडतात. म्हणजे कोणी घरी नेऊन त्यात पाणी भरायला नको. मग गाडीवाला ती पिंपं नष्ट करायच्या जागी पोचवतो. भोकं ती स्वतः पाडायची. ह्या कामात तिचा दुसऱ्या कोणावर भरवसा नव्हता.

“म्हणून तर घेतलं,” वन्सं म्हणाल्या. “बाजारातून कुंडी आणा, मग भोकं पाडायला माणूस शोधा. हे आयतं. तुमचा गाडीवालाच देऊन गेला. म्हणाला, आमच्याकडे एक बाई आहेत, फार मायेने पाडतात.”

गोदामवालीने वाकून पिंप तिरकं केलं. त्रिकोणात तीन भोकं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. हात तिचाच.

वन्सं ऐकेनात. आपण पिंप घासून धुतलंय, उन्हात वाळवलंय, ना वास, ना रंग. विष असतं तर झाड जगलं असतं का? गोदामवालीने एक काडी उचलली आणि काठाच्या दुमडीत फिरवली. टोक नारिंगी झालं. तिने ते वन्संच्या डोळ्यांपुढे धरलं.

“टोमॅटोचा रंग लागला असेल,” वन्सं म्हणाल्या.

“वन्सं, ठकीने किती खाल्लेत?”

वन्संनी पदर नीट केला. रोज एक, त्या हळूच म्हणाल्या. झाडावरचा हातात दिल्याशिवाय जेवतच नाही.

त्यानंतर कोणी वाद घातला नाही. सुट्टीमुळे आज दवाखाना बंद, म्हणून उद्या सकाळीच ठकीला डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. गोदामवालीने तोंडाला ओढणी बांधली, हातांत जाड पिशव्या चढवल्या, आणि फुलांसकट, कळ्यांसकट झाडं उपटली. माती ओली करून पोत्यात भरली. ठकी प्रत्येक झाडामागे नव्याने रडली. वन्सं पाठ करून बसल्या, इतकी वर्षं मेली माहेरची माणसंच गोड मानून घेतली, असं काहीबाही पुटपुटत.

पोत्याचं तोंड बांधून झालं, पण पिंपाकडे बघून गोदामवालीचं डोकं पुन्हा फिरलं. असंच परत पाठवलं तर तो गाडीवाला पुढच्या वळणावर आणखी कोणाच्या तरी गच्चीवर चढवणार. भोकांचा हा गुण आला, आता भोकांवर भागायचं नाही. तिने खालून करवत आणली, धूळ उडू नये म्हणून पिंपावर पाणी धरलं, आणि ते उभं चिरलं. मधोमध, दोन फाका. आता बघू कोण कशाला वापरतं ते, ती स्वतःशीच म्हणाली.

मग हातपाय धुवायला आणि कारखान्यात फोन करायला ती खाली गेली. सुट्टीचा दिवस. फोन ह्याने त्याला दिला, त्याने तिसऱ्याला. गाडीवाल्याचं नाव काढलं की जो तो म्हणे, मला काय माहीत. ती बोलून बोलून घसा बसवून जिना चढली.

वर रडणं थांबलेलं होतं.

पिंपाची एक फाक भिंतीच्या सावलीला ओढलेली. आत वन्संची शाल, नीट दुहेरी घडी करून अंथरलेली. शालीवर ठकी, गालांवर सुकलेले ओघळ, आणि एक बोट बुडाच्या गुळगुळीत भोकात अडकवलेलं. वन्सं पायाच्या अंगठ्याने फाक हळूहळू झुलवत होत्या आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी गात होत्या.

गोदामवालीचं तोंड उघडलं.

वन्संनी ओठांवर बोट ठेवलं. “ओरडू नकोस. आत्ता कुठे डोळा लागलाय.”