दुसरं टोक

कॅमेरा लावून झाला आणि नेमक्या तेव्हाच विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"चालू द्या तुमचं," त्या म्हणाल्या, "मी बसते कोपऱ्यात. फक्त मला घेऊ नका त्यात, केसांचं पार घरटं झालंय."

सून हसली. मग तिने कॅमेऱ्यासमोर बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं.

माहितीपटांची मालिका होती, या मुलखात येऊन मिसळलेल्या आणि विसरल्या गेलेल्या माणसांची. सासूबाईंनी दिग्दर्शिकेला परस्पर हो म्हणून टाकलं होतं. मग सकाळपासून सून त्यांना बजावत होती, दोर वळण्याच्या कामाबद्दल हवं ते बोला, पण आपली माणसं कुठून आली ते नको, आणि ती आपली जुनी भाषा तर नकोच नको. सुनेच्या लेकीचं लग्न विहीणबाईंच्या मुलाशी ठरल्यात जमा होतं. पहिल्याच भेटीत विहीणबाईंनी विचारलं होतं, तुम्ही मूळचे कुठले? सून बोलून गेली, इथलेच. तेव्हा त्या समाधानाने म्हणाल्या होत्या, आम्हीही इथलेच, सात पिढ्यांचे. बाहेरून आलेल्यांशी सोयरीक नाही जमत आमची.

सासूबाई शहाण्यासारख्या बोलल्या. बंदरावरच्या लांबच लांब छपराखाली कमरेला ताग बांधून मागे मागे चालत जायचं, दोर वळत. दुसऱ्या टोकाला दुसरी बाई चाक फिरवायची. मध्ये अंतर एवढं, की चेहरा दिसायचा नाही. म्हणून गाणं. चालणारीने एक ओळ म्हणायची, चाकावरचीने पुढची. उत्तर आलं नाही तर जागच्या जागी थांबायचं, नाहीतर पीळ बिघडतो.

"म्हणून दाखवाल?" दिग्दर्शिकेने विचारलं.

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं.

"नाही गं आठवत, बाळा."

सुनेने श्वास सोडला.

आवाज टिपणाऱ्या बाईने हेडफोन नीट बसवले. आता नुसती खोलीची शांतता हवी, ती म्हणाली. पुढे बोलण्याचे तुकडे जोडताना ती मधे भरावी लागते. अर्धं मिनिट कुणी हलू नका, बोलू नका. पंखा बंद केला गेला.

स्वयंपाकघरात नळ ठिबकला. सासूबाईंचे डोळे आपसूक मिटले. हात कमरेशी गेला, जिथे ताग बांधायचा तिथे. आणि त्या जुन्या भाषेतली एक ओळ, सुतासारखी बारीक, त्यांच्या ओठांतून सुटली.

ओळ संपली. सासूबाई थांबल्या. वाट बघत राहिल्या.

सुनेला मान वळवायची हिंमत झाली नाही. ती कॅमेऱ्यावरच्या लाल ठिपक्याकडे बघत राहिली. आता विहीणबाई उठतील, चपला घालतील, लेकीला मी काय सांगू? कानांत तिचंच रक्त धडधडत होतं, त्यापलीकडे तिला काही ऐकूच येईना. एवढंच दिसलं, की सासूबाईंचा चेहरा निवळला, आणि खुर्चीखाली त्यांचे पाय अलगद एक पाऊल मागे सरकले.

"झालं." आवाजवाल्या बाईने एक कान मोकळा केला. "पण परत घ्यावं लागेल. आजी, तुम्ही मध्येच गुणगुणलात." मग तिच्या कपाळाला आठी पडली. "आणि पुढची ओळ कोण म्हणालं?"



सुनेने शेवटी कोपऱ्याकडे पाहिलं. विहीणबाई ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघत होत्या. मांडीवरचा त्यांचा उजवा हात मात्र अजून गोल फिरत होता, सावकाश, एका लयीत, चाक फिरवावं तसा.