उत्कृष्ट बासवादक

परीक्षक साहेब, तुम्ही इब्रामपूरच्या प्रज्योतला भर स्टेजवर फसवलंत.

दोन वर्षं मोबाइलवर बघून, बोटं सोलवटून घेत तो बास गिटार शिकला. पेडण्यातल्या स्पर्धेत ड्रमच्या दणक्यात त्याचं त्यालाच ऐकू येईना, तरी जीव तोडून वाजवलं. तुम्ही ट्रॉफी दिलीत, वर माइकवरून म्हणालात, "याचा बास थेट काळजात घुमला!" त्याची बायको गौरवी तर रडलीच.

ट्रॉफी मिरवत तो खाली उतरला, तर साउंडवाला बाबली वायरी गुंडाळत म्हणाला, "राग मानू नको बाबा, मिक्सरात जागाच नाय होती. तुझी गिटार मी स्पीकराक जोडूकच नाय."

 

प्रज्योतने माघारी फिरून ट्रॉफी तुमच्यासमोर टेबलावर आदळली. "बोला ना साहेब, मग तुम्ही ऐकलंत तरी काय?"